आबांचं पिवळं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मनातल्या मनात कधी सांगायला बसलोच, तर गाडीपासून सुरुवात करतो — आणि गाडीतच अडकून पडतो. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं. आजही तसंच होईल बहुतेक. तुम्ही जरा दम धरा. मी मुद्द्यावर येतो, पण सरळ रस्त्यानं यायची माझी हिंमत नाही.

तर गाडी. जपानी, दोन दारांची, चंदेरी रंगाची, मुंबईहून आणलेली. नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. बारामतीत मोटारी नव्हत्या असं नाही, पण अशी नव्हती. ती होती उदयशेठची. उदयशेठ म्हणजे लोणी देवकरकडच्या एका खडी क्रशरवाल्याचा एकुलता मुलगा — तिशीच्या आतला, दिसायला उमदा, बोलायला गोड, आणि आपल्याला नाही म्हणणारा माणूस जगात असतो हे कळायचं राहून गेलेला. गाडी बिघडली होती. मुंबईला दाखवून झाली, पुण्याला दाखवून झाली. शेवटी कुणीतरी त्याला आमच्या गॅरेजचं नाव सांगितलं.

आमचं म्हणजे आबांचं. भिगवण रोडला त्यांचं गॅरेज होतं. आबा लोहाराच्या घरातले. भात्यावर वाढले, मालट्रकांवर शिकले आणि तोंडानं तोफखाना. डोक्यावर पांढरी टोपी, ओठांवर भरघोस मिशा, आणि स्वतःच्या हातावर असा काही भरवसा की ऐकणाऱ्याला हसू यावं. ‘माझ्या हातचं सुटलं तर मिशा उतरवीन,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाला, पोलिसाला, चहावाल्याला — सगळ्यांना ऐकवून झालेलं.

त्यांची एक रीत होती. एखादी क्लिप, एखादा नट त्यांनी स्वतः आवळला की पिवळ्या रंगाच्या डबीत बोट बुडवायचे आणि त्याच्यावर ठसा उमटवायचे. सुरुवातीला म्हणे हळदीचं बोट लावायचे, पण ती इंजिनच्या गरमीनं उडून जायची, म्हणून मग ऑइलपेंट आला. ठसा हलला तर क्लिप हलली हे कळायचं, हा त्याचा उपयोग. पण लोकांच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा होता. बारामतीत गाडी विकत घेणारा माणूस बोनेट उघडून आधी पिवळी बोटं शोधायचा. आबांच्या त्या बोटाचं टोक कधीकाळी पट्ट्यात सापडून गेलेलं होतं, त्यामुळे ठसा आखूड आणि चपटा उमटायचा. त्याची नक्कल कुणाला जमणार नाही असं म्हणायचे सगळे. हे लक्षात ठेवा.

मी मिलिंद. मूळचा कळंबचा, पण वडील वालचंदनगरच्या कंपनीत फिटर, म्हणून वाढलो क्वार्टरमध्ये. आयटीआय केलं, पुण्यात मोठ्या ट्रकांच्या कामावर काही वर्षं काढली, टर्बो तिथेच शिकलो. मग घराजवळ म्हणून आबांकडे आलो. आबांनी मला गाव विचारलं, काम विचारलं आणि एक बंद पडलेला पंप समोर ठेवला. आडनाव विचारलं नाही. दुपारी माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून ओरपलं आणि ‘उद्या जास्त आण’ म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो होतो. हेही लक्षात ठेवा — हे जास्त.

टर्बोचं थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं एक पंखा फिरतो, तो पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. पण दाब हाताबाहेर गेला तर इंजिन जळेल, म्हणून एक छोटी झडप असते. दाब पुरेसा झाला की ती उघडते. किती झाला हे त्या झडपेला कळवते कोण? करंगळीपेक्षा बारीक एक रबरी नळी. एवढ्या महागाच्या गाडीचा जीव त्या नळीत.

उदयशेठच्या गाडीचा दाब एका जागी राहत नव्हता. डॅशबोर्डवर त्यानं दाबाचं घड्याळ बसवून घेतलं होतं, त्याचा काटा नाचायचा. वर जायचा, पडायचा, पुन्हा उसळायचा, आणि एकदम लाल पट्टी ओलांडली की गाडीचा मेंदू पेट्रोल तोडायचा — पाठीत बुक्की बसावी तसा झटका. आम्ही फिल्टर पाहिला, मोठे पाइप पाहिले. शेजारच्या पंक्चरवाल्याचा हवेचा पंप आणून आत हवा भरली, साबणाचं पाणी मारलं, फुगा कुठे येतो ते बघत बसलो. कुठेच नाही. आबा वैतागून शिव्या द्यायला लागले. तेव्हा मला सुचलं की आपण थंड गाडी तपासतोय आणि रोग गरम झाल्यावर येतोय. उदयशेठला चालवायला बसवलं, मी शेजारी. इंदापूर रस्त्याला गाडी ताणली. काटा नाचायला लागल्याबरोबर थांबवली, बोनेट उघडलं आणि चटके खात त्या बारीक नळीवरून बोट फिरवलं. क्लिपखाली, दिसणार नाही अशा जागी, तिला चीर होती. थंडीत मिटलेली, गरमीत उघडणारी. दाबाची खबर झडपेपर्यंत पोचतच नव्हती.

नवी नळी टाकली. काटा वर गेला आणि तिथेच उभा राहिला. काय सांगू तुम्हाला — मी त्या रस्त्यावर उभा राहून मोठ्यानं हसलो. उदयशेठनंही माझ्या पाठीवर थाप मारली. परतताना खुशीत होता, गाणं गुणगुणत होता. ‘गाव कंचं म्हणालास?’ कळंब. ‘कळंबात कुणाचा?’ मी आडनाव सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही होतं का? क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला असल्या प्रश्नाची सवय नसते. मी सांगितलं, आणि गुणगुणणं थांबलं. गॅरेज येईपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता.

एवढंच झालं असतं तर मी विसरलोही असतो. गप्प बसण्याचा राग किती दिवस धरणार?

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी एका टेम्पोच्या खाली झोपून काम करत होतो. त्यानं मला पाहिलं नाही. दारात उभा राहून आबांना म्हणाला, ‘आबा, तुमचं ते पोरगं हुशार हाय, त्यात वादच न्हाय. पर गाडी नवरात्रात देवीला न्यायची हाय. त्याला बसवताना खाली तेवढं कायतरी टाकत जावा.’

मी टेम्पोखाली वाट बघत राहिलो. आबांचं तोंड मला ठाऊक होतं. या तोंडानं आमदाराच्या माणसाला गॅरेजबाहेर काढलेलं मी ऐकलं होतं. आता हा शेठ काय ऐकणार, याची मी अक्षरशः मजा घ्यायच्या तयारीत होतो.

आबा म्हणाले, ‘बरं.’

आणि आत जाऊन पोतं घेऊन आले. सिमेंटचं रिकामं पोतं. झटकलं, चार वेळा नीट घडी घातली आणि सीटवर अंथरलं. तुम्ही म्हणाल, मेकॅनिकचे कपडे तेलकट, सीट खराब होते, सगळीकडेच टाकतात. टाकतात ना. पण त्याच दिवशी आबांचा भाचा सोपान ग्रीसनं माखलेल्या पँटीनं त्या सीटवर बसला, तेव्हा त्यानं आधी ते पोतं उचलून मागे फेकलं. मी बसायच्या आधी आबांनी ते मागून काढून पुन्हा अंथरलं. माझ्याकडे न बघता. मी त्या पोत्यावर बसलो, काटा बघितला, ‘ठीक आहे’ म्हणालो आणि उतरलो.

त्या दिवशी मी ठरवलं की या गाडीचं काहीतरी करायचं. असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय — गाडीचं. शेठचं.

संधी चालत आली. दसऱ्याच्या दिवशी लोणी देवकरच्या एमआयडीसीत, नव्यानं आखलेल्या सरळसोट रस्त्यावर उदयशेठनं शर्यत ठरवली. साताऱ्याचा एक गाडीवाला येणार होता. शेठनं गावभर बोभाटा केला होता, बापानं पाहुणे बोलावले होते, मांडव घातला होता. अष्टमीला गाडी आमच्याकडे शेवटच्या तपासणीला आली. आबांनी अख्खी सकाळ फक्त तिच्यावर घातली. एकेक क्लिप स्वतः आवळली, एकेक बोट लावलं. मी हातात डबी धरून शेजारी उभा होतो. चोख काम होतं. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. — सांगेन म्हणे. कुठे सांगितलं?

जेवल्यावर आबा आतल्या बाकावर आडवे झाले. सोपान झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला होता. ती जुनी चिरलेली नळी मी टाकून दिली नव्हती. माझ्या कपाटात होती. का ठेवली होती? तेव्हा म्हणालो असतो, शिकवायला उपयोगी पडेल. मी बोनेट उघडलं, छोट्या क्लिपचा स्क्रू डिसमिसनं सैल केला, चांगली नळी काढली आणि जुनी बसवली. क्लिप पूर्ण आवळली नाही. आवळल्यासारखी दिसेल इतकीच फिरवली. सगळं मिळून एक विडी ओढायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

इथपर्यंत मी मनात पुष्कळदा आलोय. इथे थांबलो तर गोष्ट बरी वाटते, नाही? अपमान झाला, बदला घेतला. ऐकणारा म्हणेल, बरं केलंस.

पण आबांचा ठसा पुसला गेला होता. नळी बदलताना पुसणारच. त्या क्लिपवर पिवळं बोट नसतं, तर उद्या कुणीही म्हणालं असतं की कुणीतरी नंतर हात लावला. किंवा काहीच म्हणालं नसतं. पण मी डबी घेतली. माझं बोट लांब, ठसा लांब उमटला असता. म्हणून मी बोट दुमडलं, मधलं पेर रंगात बुडवलं आणि क्लिपवर टेकवलं. आखूड, चपटा. हुबेहूब. मग रॉकेलनं पेर पुसलं आणि फुलं घेऊन परतलेल्या सोपानला हाळी दिली की हार करू लागतो, दोरा आण.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच असेल, त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. आबांचा नेम कडक होता: नवमीच्या सकाळी सगळे पाने, डिसमिस, हातोड्या धुऊन घोंगडीवर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत एकही उचलायचं नाही. सगळ्या बारामतीत तेच. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस ती तिथेच ठेवून घरी जायचा.

आणि दुपारी उदयशेठ आला, घामाघूम. काटा पुन्हा नाचत होता. एकदाच नाचला, मग गाडी निवल्यावर थांबला, पण त्याचं काळीज ठिकाणावर नव्हतं. आबांनी हात बांधले. म्हणाले, ‘हत्यारं बसल्यात, शेठ. उद्या सांजच्यापतुर पाना हलायचा न्हाय.’ शेठ म्हणाला शर्यतच उद्या हाय. वादावादी झाली. आबांनी बोनेट उघडून नजर फिरवली. गाडी थंड, चीर मिटलेली. छोट्या क्लिपवर पिवळं बोट. त्यांनी ते बघितलं. मी त्यांना ते बघताना बघितलं. त्यांना ते आपलंच वाटलं.

मग ते माझ्याकडे वळले.

‘मिलिंदा, तुमच्यात काय हत्यारं बसत न्हायती. तू उचल. तुला दोष न्हाय, मी सांगतोय न्हवं.’

खरंच आमच्यात बसत नाहीत. माझ्या वडिलांच्या लहानपणी आमच्या घरानं ते सगळं मागे टाकलं. आमच्याकडे दसरा म्हणजे दीक्षेचा दिवस. त्या दिवशी साऱ्या गावात पाना उचलू शकणारा मेकॅनिक मी एकटा होतो. आणि आबा, ज्यांना आपल्या पूजेचा एवढा कडक नेम, ते मला आपल्या हातानं त्या पूजेतला पाना उचलायला सांगत होते. त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट होती हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

शेठही माझ्याजवळ आला. ‘बघ की रं बाबा. मागं तूच काढला व्हतास.’ त्यानं स्वतःच्या हातानं गाडीचं दार उघडून धरलं. मी आत बघितलं. सीटवर पोतं नव्हतं. विसरला होता की गरज पडली म्हणून काढलं होतं, कोण जाणे. मला त्या क्षणी इतकं गोड वाटलं की जीभ चिकटली. एवढ्या दिवसांत त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं होतं, आणि विनवणी करत होता.

मी घोंगडीकडे बघून हात जोडले. म्हणालो, ‘आबा, तुमचा नेम त्योच माझा नेम. पूजंतला पाना मी न्हाय उचलायचा.’

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खांद्याला धरून शेठला म्हणाले, ‘बघितलंत? पोरगं हाय माझं.’ आणि मग त्या उमाळ्यात, आजूबाजूला गोळा झालेल्या सगळ्यांदेखत, ‘तुमी बिनघोर जावा, शेठ. समद्या क्लिपा म्या सोता आवळल्यात, बोट लावलंय. एक जरी सुटली तर मिशा उतरवीन.’

मी तेव्हाही थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. खांद्यावरचा त्यांचा हात गरम होता, तो मी तसाच राहू दिला.

दसऱ्याला सकाळी मी कळंबला होतो. पांढरे कपडे, विहारात सगळे जमलेले, वडील पहिल्या रांगेत. पाच शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. ते मी सगळ्यांबरोबर स्पष्ट आवाजात म्हटलं. मग खीर खाल्ली आणि त्याच पांढऱ्या कपड्यांत लोणी देवकरला गेलो, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि बघितलं. झेंडा पडला, दोन्ही गाड्या सुटल्या. चंदेरी गाडी पुढे होती, चांगली पुढे. मग पहिला झटका. मला काटा दिसत नव्हता, पण आवाजावरून कळत होतं तो कुठे आहे. दुसरा झटका. शहाण्या माणसानं पाय काढला असता. हा रागानं दाबत गेला. नळी उडाली, दाबाला आवरायला कुणी उरलं नाही, फाटकन आवाज झाला आणि मागून पांढरा धूर. पिस्टन जळाला होता. साताऱ्याची गाडी निघून गेली. मांडवाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी हसलं, आणि मग हशा पसरत गेला. चंदेरी गाडीला उसाच्या ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलं. उदयशेठ आत बसून स्टिअरिंग धरून होता, मान खाली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तसा आनंद मला लग्नातही झाला नाही. त्या माणसाबद्दल मला आजही तसूभर वाईट वाटत नाही. भेटला तर नमस्कार करतो आणि तो धूर आठवतो.

बोनेट उघडलं गेलं. नळी रस्त्यात कुठेतरी उडून पडली होती, ती कुणाला सापडली नाही. नुसती क्लिप सैल लोंबत होती. कुणीतरी वाकून बघितलं आणि म्हणालं, ‘हिच्यावर तर आबाचं बोट हाय.’

शर्यत बघायला सोपानही आला होता; मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बारामतीला परत आलो. आम्ही पोचलो तेव्हा शेठची जीप आधीच उभी होती. आबा दारात होते, हातात आपट्याच्या पानांचं ताट. सोनं देण्यासाठी त्यांनी पान उचललं, पुढे केलं. उदयशेठनं त्यांच्या मुस्काटात मारली. पानं सांडली, टोपी पडली. चौकातले लोक दसऱ्याचे नवे कपडे घालून बघत उभे होते. त्यानं ती क्लिप आबांच्या पायाशी फेकली. आबांनी वाकून उचलली, डोळ्यांजवळ धरली. पिवळं बोट. मग एवढंच म्हणाले, ‘चुकलं माझं, शेठ.’

मी पुढे झालो. तुम्हाला वाटेल, आता बोललो असेन. मी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या सगळ्या गर्दीत आपलं म्हणावं असं हेच एक माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी ते मिशा काढून आले. ओठाच्या वरची कातडी पांढरी, कोवळी दिसत होती. गॅरेजमध्ये कुणाची मान वर होईना. त्यांनी पिवळ्या रंगाची डबी उचलली आणि कचऱ्यात टाकली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ‘ती क्लिप म्या आवळली व्हती का रं? तू डबी धरून व्हतास. मला आठवतंय तसं... पर आता खरं आठवतंय का मनाचं, कळंना झालंय.’ मी म्हणालो, ‘आवळली असंल, आबा.’ आवळली होती म्हणालो नाही. असंल म्हणालो.

आता तुम्हाला सांगतो ते. पोतं शेठनं मागितलं होतं, पण अंथरलं होतं आबांनी. शेठ माझा कोण होता? त्याच्यासाठी नुसती जुनी नळी पुरेशी होती. पेर रंगात बुडवलं ते आबांसाठी. माझ्या डब्यात जेवणाऱ्या माणसानं ‘बरं’ म्हटलं होतं, चार वेळा घडी घातली होती, आणि माझ्याकडे बघितलं नव्हतं. तो ‘बरं’ मला फेडून घ्यायचा होता. त्यांना मोडायचं होतं, आणि त्यांना सगळ्यात जास्त अभिमान कशाचा होता हे मला त्यांच्या भाच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी नेम धरून मारलं.

आबा पुन्हा उभे राहिले नाहीत. मिशा परत वाढल्या, पण प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळून बघायचे, इतका की आटे जायचे. गिऱ्हाईक तुटलं. काही दिवसांनी त्यांनी इंजिनचं काम सोडलं, मग गॅरेजच बंद केलं. सोपान कारखान्यात लागला. मी इंदापूरला स्वतःचं गॅरेज काढलं, आणि आबांनी आपली हत्यारं मला दिली. ती घोंगडीवरची सगळी. म्हणाले, ज्यानं ह्यांचा मान राखला त्याच्याकडंच जाऊ देत.

मी घेतली. आजही वापरतो.

अधूनमधून एसटीनं यायचे, खुर्ची टाकून बसायचे, बोंबलाचं कालवण मागायचे. शेवटचे आले त्या दिवशी माझ्याकडे एक जीप होती, तिचा पाण्याचा पाइप बदलायचा होता. आबा उठले. म्हणाले, दे हिकडं. क्लिप त्यांनी पूर्वीसारखीच बसवली, सरळ, काठापासून नेमकी. आवळली. मग माझ्याकडे बघून लहान पोरासारखं विचारलं, ‘मिलिंदा, बघ रं जरा. बसलीय का?’

मी वाकलो. बोटानं हलवून बघितली. घट्ट होती. आयुष्यभर लावली तशीच, त्यात काडीचा फरक नव्हता. एक शब्द बोललो असतो तर ते घरी वेगळे होऊन गेले असते.

मी त्यांचाच डिसमिस घेतला, क्लिपला लावला आणि हात फिरवल्यासारखं केलं.

‘थोडी आवळायची राहिली व्हती, आबा,’ म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हात पुसले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. उन्हाळा संपायच्या आत गेले.

क्लिप राहिली नव्हती. जराही राहिली नव्हती.